खांद्यावरचा वेताळ

आज प्रश्न एकच: गद्यातली अद्भुत गोष्ट चित्रांत आणताना आपण काय कमावतो आणि काय गमावतो?

आमचे बाबा शिरूरचे. लहानपणी दौंड स्टेशनावर गाडीची वाट बघत वाचलेल्या ‘चांदोबा’तल्या गोष्टी आज त्यांना आठवत नाहीत. पण खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन निघालेला विक्रम लख्ख आठवतो.

‘वेताळपंचविशी’ मराठी गद्यात आणली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी, १८३० मध्ये. मराठी ‘चांदोबा’ सुरू झाला १९५२ साली. त्यात चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम इतका ठसला, की आमच्या घरात तरी दुसरा विक्रम कुणी कल्पिलाच नाही. हे झालं गमावणं.

मग कमाई कुठे? गोष्टीची रचना बघा. राजा बोलला, की वेताळ परत झाडावर. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत हा लूप. शेवटच्या कोड्याला मात्र राजाला उत्तर सापडत नाही, तो गप्प राहतो आणि लूप तुटतो. गद्यात ‘राजा गप्प राहिला’ असं सांगावं लागतं. चित्रकादंबरीत संवादाचा फुगा नसलेली एक चौकट पुरते.

मासिकाला लूप तोडणं कसं परवडणार? पंचवीस गोष्टी संपल्या तरी ‘चांदोबा’त नव्या येतच राहिल्या. चित्रकादंबरीला शेवट असतो, म्हणून ती हवी.

परवा बाबांना विचारलं, शेवटी काय होतं हो? म्हणाले, “शेवट होता का त्याला?”

भेटू पुढच्या भागात.