एका बंदुकीची निवड

युद्धांचे इतिहास लढायांच्या तिथी काळजीपूर्वक देतात. परंतु सैनिकाच्या हाती कोणते हत्यार असावे हे ज्या बैठकांत ठरले, त्यांच्या तिथी सहसा देत नाहीत. आम्हां कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांस ही उणीव विशेष जाणवते. समितीचा अहवाल, त्यावरील टिपणे, वरिष्ठांचा शेरा आणि शेवटी निघणारा हुकूम या वाटेनेच राज्यकारभारातील बहुतेक गोष्टी घडतात, हे आम्ही रोज पाहतो. अशाच एका निर्णयाची हकीकत येथे सांगावयाची आहे. अमेरिकेच्या सैन्याने आपल्या पायदळासाठी पहिली अर्धस्वयंचलित रायफल कशी निवडली, ती ही हकीकत होय.

पहिल्या महायुद्धात बहुतेक पायदळांच्या हाती बोल्टची रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर सैनिकाने बोल्ट उचलून मागे ओढावयाचा, रिकामे काडतूस बाहेर टाकावयाचे, बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस बसवावयाचे आणि मग पुन्हा नेम धरावयाचा. अर्धस्वयंचलित रायफलीत हे सारे काम बंदूक स्वतःच उरकते. सैनिकाने प्रत्येक गोळीस एकदा चाप ओढावयाचा, एवढेच शिल्लक राहते. कल्पना सोपी, पण ती साडेचार किलो वजनाच्या, चिखलात व धुळीत न अडणाऱ्या आणि लाखांनी बनविता येणाऱ्या वस्तूत उतरविणे फार कठीण होते. अमेरिकेस त्यासाठी पहिल्या महायुद्धानंतर सुमारे सतरा वर्षे लागली.

या कामी दोन माणसे एकाच आवारात, मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात, एकमेकांशी स्पर्धा करीत होती. पहिले जॉन पेडरसन. हे नामांकित शस्त्ररचनाकार होते. १९१७ साली त्यांनी जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलीस जोडावयाचे एक उपकरण तयार केले होते. त्याचे सुमारे ६५,००० नग बनले, पण ते रणांगणावर पोहोचण्यापूर्वीच युद्ध संपले. पुढे सरकारशी करार करून ते स्प्रिंगफील्डला नव्या रायफलीच्या कामास लागले. रायफल स्वीकारली गेल्यास त्यांना रॉयल्टी मिळावयाची होती. दुसरे जॉन गॅरंड. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १८८८ साली जन्मलेले हे गृहस्थ लहानपणीच अमेरिकेत आले, कापडगिरणीत काम करता करता यंत्रविद्या शिकले आणि १९१९ साली या कारखान्यात नोकरीस लागले. ते पगारी सरकारी नोकर होते. पेडरसनना करार होता, गॅरंडना हजेरीपट होता, असे म्हटले तरी चालेल.

पेडरसन यांचा विचार मूलगामी होता. त्यांचे म्हणणे असे की, सैन्याचे प्रचलित ०.३० इंची काडतूस हलक्या अर्धस्वयंचलित रायफलीस गरजेपेक्षा अधिक जोरदार आहे. म्हणून त्यांनी ०.२७६ इंची, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरचे, नवे काडतूसच रचले आणि त्याभोवती रायफल बांधली. लहान काडतूस वजनाने कमी, त्याचा धक्का कमी, आणि सैनिकास तेवढ्याच ओझ्यात अधिक गोळ्या नेता येतात. पण ही गोळी शत्रूस रोखण्यास पुरेशी आहे काय? याचा निर्णय करण्यासाठी १९२८ साली एक मंडळ नेमले गेले. भूल दिलेल्या डुकरांवर निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या झाडून त्याने जखमा तपासल्या, आणि ०.२७६ चा पक्ष उचलून धरला. या प्रयोगावरून त्या मंडळास सैन्यात ‘डुकरांचे मंडळ’ हेच नाव पडले.

काडतुसाच्या प्रश्नात पेडरसन जिंकले; बंदुकीच्या प्रश्नात मात्र ते मागे पडू लागले. त्यांच्या रायफलीत काडतुसांस मेणाचा पातळ थर द्यावा लागे, तरच ती सुरळीत बाहेर पडत. गॅरंड यांनी आपली रचना याच नव्या काडतुसास जुळवून घेतली. त्यांच्या बंदुकीत स्फोटाचा थोडा वायू एका दांड्यास मागे ढकलतो, दांडा बोल्टास फिरवून उघडतो आणि स्प्रिंग सर्व पुन्हा जागेवर आणते. मेण नको, भाग थोडे, उत्पादन सोपे. १९३१ सालच्या चाचण्यांत त्यांच्या २० रायफली सैनिकांच्या हाती देऊन पाहण्यात आल्या. १९३२ च्या जानेवारीत मंडळाने शिफारस केली की, गॅरंड यांची ०.२७६ इंची रायफल स्वीकारावी. प्रकरण जवळजवळ निकालात निघाले होते.

फेब्रुवारीत सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकार्थर यांचा शेरा आला : नामंजूर. नवी रायफल ०.३० इंचीच असावी. युद्धातून उरलेल्या ०.३० काडतुसांचा प्रचंड साठा हाती होता. मशीनगना त्याच काडतुसावर चालत होत्या आणि चालणार होत्या. एकाच पलटणीस दोन प्रकारची काडतुसे पुरविणे म्हणजे आणीबाणीच्या वेळी घोटाळ्यास आमंत्रण होते. शिवाय ते मंदीचे वर्ष होते, आणि सैन्याच्या तिजोरीत खडखडाट होता.

चार वर्षांचे प्रयोग एका शेऱ्याने उलटले. पेडरसन यांचे तर सर्वस्वच त्या लहान काडतुसावर उभे होते. त्यांची रायफल स्पर्धेतून गेली ती कायमची. गॅरंड यांची ०.३० इंची बंदूक अगदीच अनोळखी नव्हती. तिचा एक नमुना पूर्वीच तयार झाला होता, पण चाचणीत त्याच्या बोल्टास चीर गेली होती. आता ज्या बंदुकीस मंडळाची मान्यता मिळाली ती बाजूस ठेवून, जी मोडली होती ती दुरुस्त करावयाची, असे काम त्यांच्या वाट्यास आले. त्यांनी ते केले. ९ जानेवारी १९३६ रोजी ही रायफल ‘एम-वन’ या नावाने सैन्यात दाखल झाली. दहा गोळ्यांच्या जागी आठ गोळ्यांची क्लिप आली, आणि वजनही अपेक्षेपेक्षा वाढले.

आरंभीची वर्षे सुखाची गेली नाहीत. क्लिपमधील सातवी गोळी अडकू लागली. नळीच्या टोकाशी वायू पकडण्याची मूळ योजना टाकून नळीस छिद्र पाडावे लागले. १९४० साली मेल्व्हिन जॉन्सन या प्रतिस्पर्धी रचनाकाराच्या रायफलीचा पक्ष घेऊन वर्तमानपत्रांत आणि काँग्रेसमध्ये वादळ उठले. १९४२ साली बटानच्या द्वीपकल्पात जपान्यांशी झुंजताना अमेरिकी पलटणींच्या व फिलिपाइन स्काउट्सच्या हाती हीच बंदूक होती, आणि त्यांचे सेनापती होते मॅकार्थर. आपल्या शेऱ्याची परीक्षा आपल्याच फौजेच्या मुखाने ऐकण्याची वेळ फार थोड्या अधिकाऱ्यांवर येते. त्यांनी अनुकूल अहवाल पाठविला. १९४५ साली जनरल पॅटन यांनी तर एका पत्रात तिला आजवरच्या लढाऊ साधनांत सर्वश्रेष्ठ ठरविले. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ४० लाख रायफली बनल्या होत्या.

तर मग मंडळ चुकले होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. मंडळास विचारले होते की, पायदळाच्या सैनिकास उत्तम बंदूक कोणती. त्याचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले. सेनाप्रमुखास पाहावयाचे होते की, साऱ्या सैन्यास, हाती असलेल्या पैशांत व साठ्यात, कोणती बंदूक झेपेल. दोन्ही उत्तरे आपापल्या मर्यादेत बरोबर होती. म्हणूनच असे प्रसंग बिकट असतात. चूक उघड असती तर फाईल इतकी जाड झालीच नसती.

तथापि काळाने मंडळाचे म्हणणेही विसरू दिले नाही. दुसऱ्या युद्धानंतर ब्रिटिशांनी पुन्हा सात मिलिमीटरच्या आसपासचे काडतूस पुढे आणले, पण अमेरिकेच्या आग्रहापुढे त्यांना माघार घ्यावी लागली, आणि १९५४ साली नाटो राष्ट्रांत ७.६२ मिलिमीटर, म्हणजे तोच ०.३० इंची व्यास, कायम झाला. पुढे दहा-बारा वर्षांच्या आतच अमेरिकेने स्वतः ५.५६ मिलिमीटरची छोटी गोळी पत्करली.

या शेऱ्याची सावली आपल्या देशापर्यंतही येऊन पोहोचली आहे. इटलीच्या डोंगरांत १९४४ साली आपल्या मराठा पलटणी लढल्या त्या बोल्टच्या ०.३०३ रायफलीवर, १९६२ साली नेफा व लडाखमध्येही आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः तीच होती, आणि समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित व स्वयंचलित हत्यारे होती. त्या पराभवाची कारणे अनेक होती, बंदूक त्यांपैकी केवळ एक. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातून आपली पहिली अर्धस्वयंचलित रायफल, जिला जवान ‘एसएलआर’ म्हणतात, ती निघू लागली. तिचे काडतूस ७.६२ मिलिमीटरचेच होते. आपण निवड केली ती उशिरा, आणि उशीर करणाऱ्यास दुसऱ्यांनी ठरविलेली मापेच बहुधा घ्यावी लागतात.

राहता राहिले गॅरंड. आपल्या शोधाचे हक्क त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत, असे विधेयक काँग्रेसपुढे आले, पण ते संमत झाले नाही. १९४४ साली सन्मानपदक मिळाले. १९५३ साली ते त्याच कारखान्यातून निवृत्त झाले आणि १९७४ साली वारले. त्यांच्या बंदुकीची निवड करणारे मंडळ, ती नामंजूर करणारा सेनापती आणि तिच्यावर वाद घालणारे पुढारी या सर्वांची नावे कागदोपत्री आहेत. मान्य झालेले काम बाजूस ठेवून नव्याने मेजापाशी बसण्याचे ते दिवस मात्र कोणत्याही टिपणात नोंदलेले नसतात, आणि ती बंदूक घडली ती त्या दिवसांत.