एक्स-रेवाल्यांचा बॅज

एक्स-रे काढायला गेलात की तंत्रज्ञाच्या छातीकडे जरा बघा. चिमट्याने अडकवलेली प्लास्टिकची छोटी डबी दिसेल. तिला ‘टीएलडी (थर्मोल्युमिनिसंट डोसिमीटर) बॅज’ म्हणतात. किरणांना ना रंग, ना वास. त्यांच्यात रोज वावरणाऱ्याच्या वाट्याला किती आले, याचा हिशेब ही डबी ठेवते.

पूर्वी हा हिशेब कातडीवर लिहिला जाई. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि वर्षभरात दवाखान्यांतून नळ्या लागल्या. नळी चालते का, हे पाहायला लोक सरळ आपलाच हात मध्ये धरत. कातडी लाल झाली की एक मात्रा पुरी! एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये याच पायी गेला. त्याआधी त्याचे दोन्ही हात कापावे लागले होते.

त्याच वर्षी पॅरिसात साबूरो आणि नोआरे हे डॉक्टर मुलांच्या डोक्यावरचा नायटा किरणांनी बरा करत होते. त्यांनी एका रसायनाच्या टिकल्या केल्या. नळी आणि डोकं यांच्या मध्यावर टिकली ठेवायची. तिचा हिरवट रंग तपकिरी होऊन नमुन्याच्या रंगाशी जुळला की नळी बंद. कातडीऐवजी टिकली, एवढी साधी युक्ती. तरी कातडीची सत्ता लगेच संपली नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत मुचेलरने सुरक्षित मर्यादा सुचवली, तीही कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा महिन्याला शंभरावा हिस्सा, अशी.

पुढे अणुबॉम्बच्या कामात शिकागोला फिल्मचा बॅज आला. आपल्याकडेही आधी फिल्मच होती. सत्तरच्या दशकात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएलडी आणला.

या टीएलडीचा खापरपणजोबा मात्र हिरा आहे. १६६३ मध्ये लंडनला रॉबर्ट बॉइलने उसना आणलेला हिरा अंथरुणात नेला, अंधारात उघड्या अंगाशी धरला आणि अंगाच्या उबेने तो मंद उजळलेला पाहिला. बॅजमधली चकतीही तशीच वागते. कॅल्शियम सल्फेटात चिमूटभर डिस्प्रोशियम. किरण पडले की त्यांच्या ऊर्जेचा अंश स्फटिकात अडकून बसतो. तापवलं की तो उजेड होऊन बाहेर पडतो, आणि तो उजेड मोजला की मात्रा कळते. चकत्या तीन असतात: एक धातूआड, एक प्लास्टिकआड, एक उघडी. त्यावरून किरण कोणत्या जातीचे, हेही ओळखता येतं.

आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. बॅज स्वतः एकही किरण अडवत नाही. अंगापर्यंत पोहोचलेले तेवढे मोजतो. तेव्हा एक्स-रेच्या कामात असाल तर तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावा. आणि घरी जाताना एक्स-रेच्या खोलीत एप्रनसकट टांगून जाऊ नका. तिथे तो खुंटीची मात्रा मोजत बसतो, आणि ती तुमच्या नावावर चढते.