पाठीवरचे कातडे

‘दप्तर’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या पोटात कातडे दडले असेल अशी शंकाही कोणास येत नाही. हा शब्द आपण फारसीकडून घेतला आणि फारसीपर्यंत तो आला ग्रीकांकडून. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. आयोनियातले ग्रीक पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून पुस्तकासही ते कातडेच म्हणत, असे हिरोडोटसने नमूद केले आहे. पुढे फारसीत दप्तर म्हणजे हिशेबाची वही झाली. मराठीत सरकारी कागदांचे रुमाल बांधून ठेवले गेले, ते पेशवे दप्तर. शेवटी तेच नाव शाळकरी पोराच्या कापडी पिशवीस चिकटले. शब्द टिकला, कातडे तेवढे गळून पडले.

जपानात मात्र याच्या उलट घडले. तेथे शाळकरी मुलाच्या पाठीवर कातडेच चढले आणि त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. एडो राजवटीच्या अखेरीस तेथे पाश्चात्त्य धर्तीचे सैन्य उभे राहू लागले, तेव्हा शिपायाच्या पाठीवरची पिशवीही परदेशातून आली. डच भाषेत तिला ‘रान्सेल’ म्हणत. जपानी जिभेवर तिचे ‘रान्दोसेरु’ झाले. शिपायाचे हे ओझे मुलांच्या पाठीवर आले ते गाकुशूइन या सरदारपुत्रांच्या शाळेमुळे. ही मुले घोडागाडीतून किंवा रिक्षातून येत आणि त्यांची पुस्तके नोकर वाहून आणीत. १८८५ साली शाळेने हा थाट बंद केला. ज्याने त्याने आपले सामान आपल्या पाठीवर आणावे, असा नियम झाला.

दोनच वर्षांनी, १८८७ साली, राजपुत्र योशिहितो त्या शाळेत दाखल झाला. पुढे तोच ताइशो सम्राट म्हणून गादीवर आला. त्या प्रसंगी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांनी त्यास पेटीसारख्या घाटाची पाठपिशवी भेट दिली. इतो स्वतः शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले. शेतकऱ्याच्या मुलाने राजपुत्राच्या पाठीवर ओझे द्यावे, यातला अर्थ वाचकांना निराळा सांगावयास नको! तो पेटीचा घाट आजवर फारसा बदललेला नाही. सामान्य घरांतून ही पिशवी सर्रास दिसू लागली ती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, हाती पैसा खेळू लागल्यावर.

परंतु या कथेस दुसरीही एक बाजू आहे आणि ती आपल्याला फार ओळखीची वाटेल. ज्या समाजात पाठीवरचे कातडे प्रतिष्ठित झाले, त्याच समाजात कातडे कमावणारे हात अस्पृश्य मानले गेले होते. त्या लोकांना गावाबाहेर राहावे लागे. धंदा आणि कलंक दोन्ही बापाकडून मुलाकडे येत. १८७१ साली जपान सरकारने हा भेद कायद्याने रद्द केला. पण मनातला भेद कायद्याच्या मागून चालत नाही. म्हणून १९२२ साली क्योतो येथे याच लोकांनी ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारली.

आपल्याकडे ढोर समाजाने कातडे कमावले, चर्मकार समाजाने ते शिवले आणि गावाने त्यांच्या वहाणा घालून त्यांनाच वेशीबाहेर ठेवले. १९५० साली संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हिरडा आणि बाभळीची साल यांत आठवडेच्या आठवडे कातडे मुरवण्याची विद्या याच हातांनी जपली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही विद्या आहे.

आता दिवाळीच्या खरेदीत कोणी चामड्याची सॅक घेणार असेल, तर जपानी मुलाची पिशवी त्यास बरेच काही शिकवील. ती सहा वर्षे रोज वापरायची म्हणूनच बनवतात. तिचे पट्टे रुंद असतात, पाठीकडची बाजू मऊ असते आणि ओझे पाठीलगत, वरच्या अंगास राहते. आपणही आधी पट्टा पिशवीला जेथे जोडला आहे तो सांधा पाहावा. पिशवी फाटते ती बहुधा तेथेच. मग ती रिकामी असताना हातात तोलावी. जपानी पिशवीच सव्वा-दीड किलोपर्यंत भरते. प्रवासात हे वजन पुस्तकांच्या आधीच खांद्यावर बसते. कातड्याचा वरचा थर सर्वांत चिवट. खालचा थर सोलून, त्यावर रंगाचा लेप देऊन तोही ‘अस्सल चामडे’ म्हणून विकतात. म्हणून कापलेली कड निरखावी. सालीत मुरवलेले कातडे वापराने गडद होत जाते. रसायनात झटपट कमावलेले पाण्याला अधिक दाद देत नाही. रोज पावसात जाणाऱ्याने दुसरे घ्यावे. वर्षानुवर्षे सांभाळण्याची हौस असेल त्याने पहिले.

चांगली पिशवी धन्याहून जास्त टिकते, हेही ध्यानात ठेवावे. २००४ पासून जपानी मुलांच्या वापरून झालेल्या पिशव्या अफगाणिस्तानातल्या मुलांकडे धाडण्यात आल्या. डुकराच्या कातड्याच्या तेवढ्या वगळल्या, कारण घेणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा होता. देणाऱ्याला कातडे कोणाचे हे ठाऊक असावे लागते, ते असे.

म्हणून दुकानदाराला भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: हे कमावले कोठे, आणि शिवले कोणी? मुंबईच्या धारावीत हा प्रश्न विचारला, तर कित्येकदा कारागीर चार पावलांवरच सापडेल. त्याच्याकडून घेतलेल्या पिशवीचा पट्टा उद्या सुटला, तर तो शिवून देणारा माणूसही आपल्याला ठाऊक राहील. दिवाळीचा फराळ ज्या घरांतून आपण आपुलकीने पाठवतो, त्यांत त्याचेही एक घर असावे.