वाळूच्या टेकड्या व किनारी गवत (कोकण-गोवा)

भरतीची रेषा आणि माडांच्या बागा यांच्यामध्ये, पुळणीच्या माथ्यावर वाऱ्याने रचलेली आणि वनस्पतींनी धरून ठेवलेली उंचवट्यांची रांग. ओहोटीला उघडी पडलेली वाळू सुकते आणि वाऱ्याबरोबर जमिनीकडे सरकते. वाटेत पाने-काड्यांचा अडसर आला की वाऱ्याचा जोर मोडतो आणि कण तिथेच बसतात. इथल्या वनस्पती वाळूत गाडल्या गेल्या तरी पेरापेरांतून मुळे सोडत पुन्हा वर येतात. टेकडी अशीच चढत जाते.

समुद्राच्या सर्वांत जवळ मर्यादवेल असते. तिची जाड, आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी जांभळट-गुलाबी फुले पांढऱ्या वाळूवर विलक्षण देखणी दिसतात. तिच्या जोडीला ‘रावणाच्या मिशा’ हे ताठ, टोकदार पात्यांचे गवत. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी. मादी झाडावर लांब काट्यांचा, डोक्याएवढा गोल गेंद येतो. पिकला की तो देठापासून सुटतो, काट्यांच्या टोकांवर वाऱ्याने गडगडत जातो आणि वाटेत बी सांडतो. किनाऱ्यावर याहून सुंदर गती क्वचितच पाहायला मिळते. मागच्या, स्थिरावलेल्या उतारांवर केवड्याची बने आढळतात.

टेकड्यांच्या पायथ्याशी, भरतीच्या पाण्यापासून वर, ऑलिव्ह रिडले कासवाची मादी खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले, तसेच गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या पुळणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. वादळी लाटांचा मारा टेकडी आधी स्वतःवर झेलते आणि तिच्या पोटात मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटते.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या 2011 व 2019 च्या अधिसूचनांत या टेकड्यांना सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रात स्थान आहे. तरीही रिसॉर्ट, रस्ते आणि वाहनतळ यांच्यासाठी त्या सपाट केल्या जातात. हिरवाई म्हणून लावलेले सुरूही इथले नव्हे, बाहेरून आणलेले झाड. त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली मूळचे गवत मरते. टेकडीची ही हानी लोकांच्या लक्षातही येत नाही, हे अधिक दुःखाचे. वाळूचा पुरवठा चालू असेल आणि माणसांची व गाड्यांची वर्दळ थांबवली, तर मर्यादवेल आपणहून पुन्हा पसरते आणि तिच्या आडोशाला वाळू साचू लागते.