धर्मज : पाटीदारांचे एक गाव आणि त्याचे परदेशस्थ

‘आपण मूळचे गुजरातेतले’ हे वाक्य आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. यावल, रावेर, भुसावळ या बाजूस स्थिरावलेल्या लेवा मंडळींची परंपरा आपले मूळ तिकडे नेऊन पोहोचविते. या परंपरेस भाटांच्या वह्यांपलीकडे आधार किती, हा वाद आज काढावयाचा नाही. परंतु ज्या लेवा पाटीदारांनी गुजरात सोडली नाही, त्यांचे पुढे काय झाले, याविषयी आपल्या समाजात जेवढी उत्सुकता असावयास हवी तेवढी दिसत नाही. त्यांनीही शेवटी घर सोडलेच. मात्र ते आपल्याप्रमाणे बैलगाड्यांनी तापीकाठी न येता आगबोटीने समुद्रापार गेले. अशा गावांपैकी धर्मज या एका गावाची हकीकत वाचकांस सादर करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मही आणि शेढी-वात्रक या नद्यांच्या मधल्या सुपीक प्रदेशास चरोतर म्हणतात. जमीन गोराडू, म्हणजे हलकी, रेतीमिश्रित; परंतु विहिरीचे पाणी व भरपूर शेणखत मिळाले की तंबाखू, बाजरी, केळी असे वाटेल ते पीक देणारी. शेतांना थुराची दाट कुंपणे आणि बांधावर आंबा व रायण. या प्रदेशात पेटलादपासून थोड्या अंतरावर धर्मज वसले आहे. पूर्वीच्या खेडा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९९७ साली आणंद जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. नडियाद, करमसद, वसो, सोजित्रा, भादरण आणि धर्मज ही पाटीदारांची ‘छ गाम’, अर्थात सहा कुलीन गावे. त्यांपैकी नडियाद व करमसद इंग्रजी अमलात होती, तर धर्मजसह उरलेली चार गायकवाड सरकारच्या मुलखात. या सरहद्दीचा परिणाम पुढे पुष्कळ झाला.

‘पाटीदार’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो, परंतु त्याचा उगम जमीनमहसुलाच्या एका पद्धतीत आहे, हे थोड्यांस ठाऊक असते. चरोतरातील बऱ्याच गावांत नरवा पद्धत होती. सरकार गावाचा सारा एकरकमी ठरवी. तो गावातील मूळ घराण्यांच्या ‘भागां’वर वाटला जाई, आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा पाती, म्हणजे पट्ट्या पडत. ज्याच्याकडे पाती तो पाटीदार. आपल्या पट्टीचा सारा भरण्याची जबाबदारी त्याची, आणि गावच्या कारभारात बसण्याचा मानही त्याचा. ज्यांच्या गावी नरवा नव्हता ते साधे कणबी राहिले. एका ज्ञातीत दोन थर पडले ते असे. पुढे सर्वांनीच पाटीदार म्हणवून घ्यावयास आरंभ केला आणि १९३१ च्या खानेसुमारीपर्यंत ते नाव सरकारी कागदांतही रूढ झाले.

या व्यवस्थेतच पुढील दुःखाचे बीज होते. पट्टी वारसांत वाटली जाई. चार मुलगे झाले की चार तुकडे, नातवांच्या काळी सोळा. मान मात्र तुकड्यांनी कमी होत नसे. दोन-तीन बिघ्यांचा धनी असलेला धर्मजचा पाटीदार दुसऱ्या गावच्या पन्नास बिघेवाल्यास आपल्या बरोबरीचा मानावयास तयार नसे. जमीन कमी आणि कुळाचा डौल पूर्वीचाच, ही स्थिति कोणत्याही शेतकरी घरास फार दिवस पेलत नाही.

तो डौल सर्वांत जड गेला मुलींना. सहा गावांच्या मुलास मुलगी देणे म्हणजे प्रतिष्ठा, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत हुंड्याच्या रूपाने मोजावी लागे. सहा गावांतील मुलगी खालच्या गावात देणे कमीपणाचे, आणि बरोबरीचा वर मिळवावयाचा तर घर विकावे लागे. परिणामी चरोतरच्या कुलीन घराण्यांत मुली जन्मतःच नाहीशा होऊ लागल्या. इंग्रज सरकारचा १८७० चा बालिकाहत्या प्रतिबंधक कायदा खेडा जिल्ह्यातील लेवा कणब्यांनाही लागू करावा लागला, ही गोष्ट आपल्या ज्ञातीच्या इतिहासात झाकून ठेवण्याजोगी नाही. स्मरणिकांतून आपण पूर्वजांचे पराक्रम छापतो, तेव्हा हेही पान त्यात असावे. खालच्या गावांनी अखेर आपापसांत ‘एकडे’ बांधले, म्हणजे ठराविक गावांतच मुली द्यावयाच्या व घ्यावयाच्या असा करार केला, तो या जाचातून सुटण्यासाठीच. तथापि वरच्या गावचे स्थळ दिसले की एकडा मोडून दंड भरणारे बापही निघतच.

अशातच विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत तो आजही ‘छप्पनियो’ या नावाने ओळखला जातो. ज्या चरोतराने दुष्काळ असा फारसा पाहिलाच नव्हता, तेथे गुरे दावणीला मेली आणि माणसे रस्त्यावर. १८९१ साली इंग्रजी खेडा जिल्ह्याची लोकसंख्या ८ लक्ष ७१ हजारांवर होती. ती १९०१ साली ७ लक्ष १६ हजारांवर आली. शंभरातील सतराहून अधिक माणसे एका दशकात कमी झाली. मागोमाग प्लेगही होताच. जमिनीवरचा भरवसा उडण्यास याहून अधिक काय हवे?

परंतु भरवसा उडाला म्हणून मनुष्य एकदम समुद्र ओलांडत नाही. त्यास वाट दिसावी लागते, आणि ती वाट धर्मजसारख्या गावांस इंग्रजी शाळेने दाखविली. येथे मराठी वाचकास आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग प्रथम १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. मुलींसही त्यातून वगळले नाही. १९१० पासून गावोगाव वाचनालये निघाली. पेटलाद महालातील पाटीदारांची मुले चार इयत्ता शिकली, त्यांतील काही मॅट्रिकपर्यंत पोहोचली. ज्या घरी दोन बिघे जमीन होती तेथे आता हिशेब लिहिता येणारा व इंग्रजी तार वाचता येणारा मुलगा होता. त्याने नांगर धरावा तर जमीन पुरत नव्हती, आणि नोकरी करावी तर गावात ती नव्हती.

त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांची रेल्वे तयार झाली होती. १८९६ ते १९०१ या काळात ती बांधावयास सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेण्यात आले. ते बहुतेक पंजाबकडील. सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यु पावले. चरोतरचे पाटीदार या मजुरांत नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. रूळ टाकून झाल्यावर स्टेशनमास्तर, कारकून, गुदामवाले यांची गरज पडली, आणि तेव्हा गायकवाडी शाळांतून शिकलेले हे तरुण मुंबईस येऊन ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीत बसले. कच्छी व काठेवाडी व्यापारी तेथे त्यांच्या आधीच पोहोचले होते. पहिला गेला त्याने भावास बोलाविले, भावाने मेहुण्यास, मेहुण्याने गावच्या शेजाऱ्यास. नोकरीत चार पैसे साठले की रानातल्या एखाद्या ठिकाणी पत्र्याचे दुकान काढावयाचे, मीठ, कापड, रॉकेल विकावयाचे व कापूस विकत घ्यावयाचा. हा तेथील सर्वसाधारण क्रम. ‘दुकान’ या आपल्या शब्दावरून स्वाहिली भाषेत ‘दुका’ हा शब्द रूढ झाला, तो या लोकांची खूण म्हणून आजही शिल्लक आहे. युगांडात कापसाची लागवड वाढली तेव्हा सरकी काढण्याच्या गिरण्यांत पाटीदारांनी चांगलाच जम बसविला.

सर्वच काही समुद्रापार गेले नाहीत. चरोतरचा तंबाखू घेऊन काही पटेल आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे आले आणि तेंदूपानाच्या जंगलाशेजारी त्यांनी विडीचे कारखाने काढले. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

आफ्रिकेतून पैसा येऊ लागला तसे गावाचे रूप पालटले. मातीच्या घरांच्या जागी कोरीव लाकडी सज्जांच्या व पुढे सिमेंट-काँक्रिटच्या तीन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, धर्मशाळा यांवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लागल्या. त्या पाट्या वाचीत धर्मजमधून अथवा भादरणातून फिरावे. कंपाला, नैरोबी, जिंजा, दारेसलाम अशी सारी पूर्व आफ्रिकेची भूगोलवही वाचून होते. यात दोष काढण्याजोगे काही नाही. मात्र त्याच पैशाने हुंड्याचा दर चढला व जमिनीचे भाव वाढले, आणि आफ्रिकेत कोणी नसलेल्या घरास मुलगी उजविणे किंवा एक बिघा विकत घेणे अधिकच कठीण झाले. तेव्हा उरलेल्या घरांनीही मुलगे पाठविले. एकाच्या जाण्याने दुसऱ्यास जाणे भाग पडावे, असे हे चक्र होते.

जे मागे राहिले त्यांचे कर्तृत्व पाट्यांवर आढळत नाही. याच भूमीत १९१८ चा खेडा सत्याग्रह झाला. १९३० साली बोरसद तालुक्यातील रास गावच्या पाटीदारांनी सारा न भरता घरे सोडली व सरहद्द ओलांडून गायकवाडी मुलखात तळ ठोकला. त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. १९४६ साली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, आणि त्याच सुमारास करमसद, बाकरोल व आणंद यांच्या शिवारातील शेतकऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर भाईकाकांनी वल्लभ विद्यानगर वसविले. ही कामे गावात राहणाऱ्यांची आहेत. दूध संघाच्या दारी सकाळ-संध्याकाळ चरवी घेऊन उभी राहणारी बाई तर कोणत्याही इतिहासात नावाने आलेली नाही.

समुद्रापारचे सुख फार काळ टिकले नाही. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारात क्रांति होऊन हिंदी लोकांची लूट झाली. केनियात नागरिकत्वाचे व परवान्याचे नियम कडक झाले, तेव्हा ब्रिटिश पारपत्र असलेली मंडळी इंग्लंडकडे वळली. परंतु १९६८ साली इंग्लंडनेही कायदा करून स्वतःच्याच पारपत्रधारकांस दार अर्धे बंद केले. अखेरीस ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. दोन-तीन पिढ्यांची दुकाने, गिरण्या, घरे तशीच टाकून किरकोळ रोकड व एखादी पेटी घेऊन लोक निघाले. सत्तावीस हजारांहून अधिक इंग्लंडमध्ये उतरले. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्याकडे येऊ नका असे कळविले होते. आणि तेच लेस्टर आज या लोकांच्या दिवाळीसाठी प्रसिद्ध आहे.

या आपत्तीत एक गोष्ट विचार करण्याजोगी घडली. धर्मजचे, करमसदचे वा सोजित्र्याचे जे लोक युगांडातून निघाले, त्यांतील थोडेच गावी परतले. गावात घर होते, पाट्यांवर नाव होते, सातबाऱ्यावरही आजोबांचे नाव होते. परंतु मुले इंग्रजी शाळांत शिकलेली, आणि दोन बिघ्यांत तीन भावांचे वारस. ज्या कारणाने आजोबा गेला होता, ते कारण नातवाच्या वेळीही जागच्या जागी होते. ते लंडनच्या बसगाडीवर वाहक झाले, गिरण्यांत रात्रपाळीस उभे राहिले, कोपऱ्यावरची वर्तमानपत्रांची दुकाने त्यांनी घेतली. १९६५ साली अमेरिकेने आपला प्रवेशाचा कायदा सैल केल्यानंतर पुष्कळजण तिकडे गेले व रस्त्याकडेची मोटेल चालवू लागले.

आज धर्मजमध्ये डझनभर बँकांच्या शाखा आहेत, आणि तेथील ठेवी हजार कोटींच्या पुढे असल्याचे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. गावाचे लोक हे अभिमानाने सांगतात. परंतु त्याच गावात कुलुपे लागलेल्या घरांच्या रांगाही आहेत, आणि चरोतरच्या शेतांत काम करणारे हात बहुधा ठाकोर समाजाचे किंवा पंचमहालाकडून आलेल्या मजुरांचे असतात. परदेशस्थ भारतीयास वारसाने शेतजमीन मिळते, पण नवी विकत घेता येत नाही, असा आपला कायदा आहे. त्यामुळे एकेका पट्टीवर नैरोबी, लंडन, न्यू जर्सी येथील वारसांची नावे चढत जातात. विहीर खणावयाची अथवा बांध सरळ करावयाचा तरी सह्या गोळा करता करता वर्ष जाते. आपल्या केळीच्या बागांचे सातबारे काढून पाहावेत. पुण्याची व अमेरिकेची नावे तेथेही चढू लागलेली आहेत.

धर्मजकरांनी २००७ सालापासून दर १२ जानेवारीस ‘धर्मज दिवस’ पाळण्यास आरंभ केला. त्या दिवसांत देशोदेशीचे गावकरी जमतात, कुलुपे निघतात, सज्जांवर गोधड्या वाळत पडतात. त्या गर्दीत पाहुण्यांस जी स्थळे दाखवितात त्यांत गावाचे गायरान एक आहे. ते पूर्वी पडीक होते. गावकऱ्यांनी ते सपाट करून, गावच्याच सांडपाण्यावर तेथे हिरवा चारा पिकविला व गुरे पाळणाऱ्यांस तो स्वस्तात मिळण्याची सोय केली. सारे शिवार पट्ट्या-पट्ट्यांनी वाटले गेले, त्यात हा एक तुकडा कोणाच्याच वाटणीस न गेलेला. जानेवारी सरली की पाहुणे परततात, किल्ल्या शेजाऱ्याकडे ठेवल्या जातात, आणि गायरानावर चारा कापण्याचे काम पहाटे पुन्हा सुरू होते.