१ जानेवारीलाच नवीन वर्ष का? उत्तर स्पेनमधल्या एका छोट्याशा गावात सापडतं

३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला आपण सगळेच ‘हॅपी न्यू इयर’चे मेसेज टाकतो. पण नवीन वर्षासाठी १ जानेवारीच का, १५ मार्च का नाही?

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. एकेकाळी रोमचं सरकारी वर्ष खरंच १५ मार्चला सुरू व्हायचं. ते बदललं एका युद्धामुळे, आणि त्या युद्धाची ठिणगी पडली ती आजच्या मारा गावाच्या शिवारात.

कुठे आहे हे मारा?

स्पेनच्या ईशान्येला आरागॉन नावाचा प्रांत आहे. तिथल्या सारागोसा जिल्ह्यात, कलातायूद शहराजवळ हे गाव आहे. लोकसंख्या दोनशेच्या आत. गावाला लागूनच सेगेडा या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. बेल्ली नावाच्या केल्टिबेरियन जमातीचं हे शहर. त्यांची स्वतःची नाणी होती आणि त्यावर त्यांच्याच लिपीत शहराचं नाव असायचं.

भांडण कशावरून झालं?

एका भिंतीवरून.

इ.स.पू. १५४ च्या सुमारास सेगेडाने शहर वाढवायला घेतलं. आजूबाजूच्या छोट्या वस्त्यांना आणि शेजारच्या टिट्टी जमातीला आत सामावून घेत सुमारे ८ किलोमीटर लांबीची तटबंदी बांधायला सुरुवात केली.

रोमला हे खटकलं. इ.स.पू. १७९ मध्ये रोमन सेनापती ग्रॅकसने या जमातींशी तह केला होता. त्यानुसार नवीन शहरं वसवायला बंदी होती. यावर सेगेडाच्या लोकांनी दिलेलं उत्तर एखाद्या वकिलाला शोभेल असं होतं: ‘बंदी नवीन शहरावर आहे. जुन्या शहराला भिंत घालू नका असं तहात कुठेच लिहिलेलं नाही.’

रोमच्या सिनेटने ते ऐकलं नाही आणि युद्ध पुकारलं.

मग तारीख का बदलली?

रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जायचे. सैन्याचं नेतृत्व तेच करायचे आणि वर्षाला नावही त्यांचंच मिळायचं. म्हणजे कॉन्सलने पद स्वीकारलं की सरकारी वर्ष सुरू.

तो दिवस होता १५ मार्च. त्यानंतर सैन्य गोळा करून स्पेनपर्यंत पोहोचायचं, तर लढाईचा अर्धा हंगाम संपून जायचा. म्हणून इ.स.पू. १५३ मध्ये पदग्रहण थेट १ जानेवारीला आणलं गेलं. स्पेनमधलं बंड हेच यामागचं कारण असल्याचं रोमन इतिहासात नमूद आहे.

जानेवारी हा पहिला महिना कधीपासून मानला गेला, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. मात्र कॉन्सलचं वर्ष तेव्हापासून १ जानेवारीलाच सुरू होत राहिलं. पुढे ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरनेही हीच तारीख ठेवली. मार्चपासून मोजण्याची जुनी खूण मात्र महिन्यांच्या नावांत राहून गेली. सप्टेंबर म्हणजे सातवा, डिसेंबर म्हणजे दहावा. आपल्या ‘सप्त’ आणि ‘दश’ची ही लॅटिन भावंडंच.

सेगेडाचं काय झालं?

कॉन्सल नोबिलिओर जवळपास ३० हजारांची फौज घेऊन आला, तेव्हा भिंत अर्धवटच होती. लोकांनी बायकामुलांसह शहर सोडलं आणि अरेवाची जमातीकडे आश्रय घेतला.

२३ ऑगस्टला कारुस नावाच्या सेगेडाच्या सेनापतीने दबा धरून रोमन सैन्यावर हल्ला केला. अप्पियन या इतिहासकाराच्या मते सुमारे ६ हजार रोमन मारले गेले. पाठलाग करताना कारुसही पडला. तो दिवस रोमच्या अग्निदेवाच्या, वल्कनच्या सणाचा होता. त्यानंतर नाइलाज असल्याशिवाय रोमनांनी या दिवशी लढाई केली नाही, असं अप्पियन सांगतो.

अरेवाचींचं नुमान्सिया शहर त्यानंतर वीस वर्षं टिकलं. शेवटी इ.स.पू. १३३ मध्ये उपासमारीने ते पडलं.

आज गावात काय आहे?

सेगेडाच्या जागेवर १९९८ पासून पुरातत्त्वज्ञ फ्रान्सिस्को बुरिलो यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं. घरं आणि तटबंदीचे भाग उजेडात आले. मारामध्ये ऑगस्टमध्ये ‘वुल्कानालिया’ उत्सव होतो. गावकरी जुने पोशाख घालून ती लढाई पुन्हा उभी करतात.

स्पेनच्या ग्रामीण भागातली अशी शेकडो गावं आज रिकामी होत चालली आहेत. तरुण शहरात जातात, मागे म्हातारी माणसं उरतात. माराही याला अपवाद नाही. अशा गावासाठी हा इतिहास म्हणजे लोकांनी इथे यावं आणि इथल्यांनी टिकून राहावं, यासाठीचं एक मोठं कारण आहे.