केशवराव भोसले आणि ललितकलादर्श : एका अल्पायुषी नटाच्या कार्याचा विचार

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात केशवराव भोसले यांचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो १९२१ सालचा ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. त्या एका रात्रीचे वर्णन इतक्या वेळा झाले आहे की, तिच्या झगमगाटात केशवरावांचे उरलेले आयुष्य झाकोळून गेले आहे. वस्तुतः अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलेले कार्य दुहेरी स्वरूपाचे होते. ते थोर गायक नट होते, ही त्या कार्याची एक बाजू. आणि एका पोरक्या मुलाने नाटक मंडळीच्या आश्रयाला राहून पुढे स्वतःची मंडळी उभारली व ती आपल्या पश्चातही टिकेल अशी घडविली, ही दुसरी. पहिली बाजू स्मृतीत राहिली. दुसरीकडे जावे तितके लक्ष गेले नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. घरची गरिबी इतकी की, आईला मुलांचा सांभाळ करण्यासाठी नाटक मंडळीचा आधार घ्यावा लागला. केशवराव कोवळ्या वयातच ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांचे थोरले बंधू दत्तोबा हेही नाटकाच्याच व्यवसायात होते.

त्या काळातील नाटक मंडळी म्हणजे केवळ धंदा नव्हे. ते एक फिरते बिऱ्हाड असे. मालक, नट, साथीदार, पडदेवाले, स्वयंपाकी आणि पोरेटोरे असा सारा परिवार गावोगावी मुक्काम करीत हिंडे. गरीब घरातील गोड गळ्याच्या मुलास तेथे दोन वेळचे जेवण, अंगभर कपडा व गाण्याची तालीम मिळे. त्या मोबदल्यात त्याचे बालपण, शाळा आणि पुष्कळदा त्याचा स्वतःवरील हक्कही मंडळीकडे गहाण पडे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या असल्याने अशा मुलांना मागणी मोठी होती. मात्र आवाज फुटला की तीच मागणी एका हंगामात संपुष्टात येई. केशवरावांच्या पुढील निर्णयांचा अर्थ लावताना ही व्यवस्था ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी भुजंगनाथ या जरठ श्रीमंतास देऊ पाहतो, आणि वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्याने ते लग्न ऐन वेळी मोडते, हे त्याचे कथानक सर्वश्रुत आहे. स्वदेशहितचिंतक मंडळीनेही हे नाटक बसविले. त्यात केशवराव आधी शारदेची मैत्रीण वल्लरी होत. पुढे ते शारदा झाले आणि या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. शारदेचे काम करणारा हा मुलगा वयाने शारदेच्याच बरोबरीचा होता. वडील माणसांच्या व्यवहारात आपला शब्द चालत नाही, हे दुःख त्याला केवळ संहितेतून समजावून घ्यावे लागले नसावे. त्या भूमिकेच्या परिणामाचे सारे श्रेय गळ्याला देणे म्हणूनच पुरेसे वाटत नाही.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते. स्थळ आणि वय या दोन्ही गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. हुबळी, धारवाड, बेळगाव हा प्रदेश मराठी नाटक मंडळ्यांचा हक्काचा मुलूख होता. दक्षिण मराठा रेल्वेमुळे पुणे-मिरजेकडून तिकडे सामानसुमानासह जाणे सुलभ झाले होते, आणि कानडी भाषा बोलणारा प्रेक्षकही मराठी पदे आवडीने ऐकत असे. मुंबई-पुण्यास किर्लोस्कर मंडळीचा दबदबा असताना नव्या मंडळीने आपले बस्तान प्रथम दक्षिणेकडे बसवावे, यात व्यवहारज्ञान दिसते. वयाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाच्या आयुष्यात हा काळ धोक्याचा. या वयात तो मालकाला नकोसा होण्याचा संभव असे. केशवराव नेमके याच वयात मालकाच्या मर्जीतून बाहेर पडून स्वतः मालक झाले.

नव्या मंडळीस निव्वळ जुन्या नाटकांवर तग धरणे शक्य नव्हते. केशवरावांनी नवे लेखक शोधले, आणि या शोधात त्यांनी दाखविलेले धाडस विशेष नमूद करण्यासारखे आहे. १९१२ साली ललितकलादर्शने हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. गाणाऱ्या घराण्यातील एका स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. रंगमंचावर स्त्रीला पाऊल टाकण्याची मुभा नसताना तिची संहिता मात्र तेथे पोहोचली. यानंतर १९१४ साली वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आले. त्यातील मृणालिनीची केशवरावांची भूमिका त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिकांपैकी एक होय.

पुढील टप्पा भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचा. मालवणकडे टपाल खात्यात नोकरी केलेल्या या लेखकाच्या ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ या नाटकांना ललितकलादर्शने रंगभूमी मिळवून दिली. पहिल्यात हुंड्याचा प्रश्न आहे. १९१४ साली कलकत्त्यातील स्नेहलता या मुलीने हुंड्यापायी आत्मघात केल्यापासून हा प्रश्न देशभर चर्चिला जात होता. दुसऱ्यात धर्मांतराचा व शुद्धीचा विषय हाताळला आहे. ‘शारदा’ आणि ‘हाच मुलाचा बाप’ शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. देवलांच्या नाटकात मुलीचा बाप पैसे घेतो. वरेरकरांच्या नाटकात मुलाचा बाप. बाजार तोच, फक्त विक्रेता बदलला. पहिल्या नाटकातील विकल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका करून नावारूपाला आलेल्या नटाने मालक झाल्यावर दुसरे नाटक करावयास घ्यावे, यास केवळ योगायोग म्हणता येत नाही. सामाजिक नाटकांची ही परंपराच पुढे ललितकलादर्शची ओळख ठरली.

गायनाच्या बाबतीत केशवरावांना रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभली. ग्वाल्हेर घराण्याच्या या सावंतवाडीकडील गवयाची गायकी जोरकस व लयदार होती. दीनानाथ मंगेशकर व बापूराव पेंढारकर यांनाही त्यांचे मार्गदर्शन मिळाले. म्हणजे मराठी नाट्यसंगीताचा एक मोठा प्रवाह बुवांच्या विद्येतून निघाला, असे म्हणावयास हरकत नाही. चढा, भरदार आणि तारसप्तकात सहज फिरणारा आवाज ही केशवरावांच्या गाण्याची ख्याती होती. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नाटकगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचविणे हे नटाच्या छातीचे काम असे. बालगंधर्वांचे गाणे लाघवाचे, तर केशवरावांचे तडफेचे, अशी तुलना रसिक करीत. देखावे, पडदे व पोषाख यांच्या थाटाविषयीही ललितकलादर्शचा लौकिक होता.

या दोन नटांना एकत्र आणणारा प्रसंग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाटकगृहात घडला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम केले होते; गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या पदांना चाली दिल्या होत्या. संयुक्त प्रयोगात बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले आणि गणपतराव बोडस लक्ष्मीधर. दोन स्पर्धक मंडळ्या एका रंगमंचावर आल्या त्या टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. लोकमान्यांच्या निधनास तेव्हा वर्षही लोटले नव्हते.

या प्रयोगाविषयी ‘कोण सरस ठरला’ हाच प्रश्न आजवर अधिक चर्चिला गेला. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची बाब वेगळी आहे. केशवराव हे मराठा समाजातील, कोल्हापूरचे, आणि शाहू छत्रपतींच्या लोभातील कलावंत. शाहू महाराज व लोकमान्य टिळक यांच्यातील विरोध वेदोक्त प्रकरणापासून उघड होता, आणि १९२१ साली ब्राह्मणेतर चळवळ ऐन भरात होती. अशा वेळी टिळकांच्या नावाच्या निधीसाठी टिळकांचे अनुयायी खाडिलकर यांच्या नाटकात नायक म्हणून उभे राहणे, ही दुर्लक्षिण्याजोगी घटना नव्हे. यावरून केशवरावांनी राजकीय पक्ष बदलला असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. महाराजांचा आश्रय नाकारला असेही म्हणता येणार नाही. रंगभूमी ही दोन्ही बाजूंची आहे, अशा समजुतीने ते वागले, एवढेच त्यांच्या कृतीवरून दिसते. त्या काळच्या महाराष्ट्रात ही समजूत स्वस्त नव्हती.

यानंतर त्यांना लाभले केवळ अठ्ठ्याऐंशी दिवस. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुणे येथे विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. मालक नटाच्या मृत्यूबरोबर मंडळी मोडणे हाच त्या व्यवसायातील सामान्य नियम. कारण बहुतेक मंडळ्या एकाच गळ्याच्या आधारावर उभ्या असत. ललितकलादर्श या नियमास अपवाद ठरली. व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली, आणि १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’, पुढल्या वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’ अशी नवी नाटके सादर केली. १९३७ साली बापूराव वारल्यावर काही काळ खंड पडला. परंतु त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेचे पुनरुज्जीवन केले. १९५७ सालचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि १९६० सालचे ‘पंडितराज जगन्नाथ’ ही त्या काळातील ठळक नाटके होत. केशवरावांनी लेखक, गायन, देखावे आणि सहकारी या चार खांबांवर मंडळी उभी केली होती; त्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाज थांबला तरी ती कोसळली नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानालगत बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ हे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या पहाटे जळक्या वास्तूसमोर कोल्हापूरकरांनी जो शोक अनुभवला, तो केवळ लाकूड व छप्पर यांच्यासाठी नव्हता. नाट्यगृहे जळतात आणि पुन्हा बांधता येतात. गळा मात्र एकदा गेला की परत येत नाही. या दोहोंच्या मधली एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे संस्था. तिला दगडाचे बळ नसते आणि सुराचे तेजही नसते. पण माणसे ती एकमेकांच्या हाती सोपवू शकतात. ज्या मुलाला आठवत्या वयापासून दुसऱ्याच्या मंडळीत दिवस काढावे लागले, त्याने सतरा वर्षे पुरी झाल्यावर हेच निर्माण केले. केशवराव भोसले यांच्या अल्प आयुष्याचे मोजमाप करावयाचे ते या मापाने केले पाहिजे.